घागरीचे मानकरी

आमच्या ओरुरोत, या खाणींच्या शहरात, समारंभाची वस्तू कुणी विकत घेत नाही. दुकानं आहेत, दुकानांत वस्तू आहेत, त्या घेण्याची ऐपतही काही जणांकडे आहे. पण समारंभासाठी वस्तू विकत घेतली, तर आपल्याला चारचौघांत कुणी विचारत नाही हे आपणच जाहीर केल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक वस्तूला एक पाद्रीनो शोधायचा, म्हणजे मानकरी. लग्नातल्या केकला मानकरी असतो, फुटबॉलच्या सदऱ्यांना असतो, देवळाच्या सिमेंटला असतो. माझ्या पदवीच्या अंगठीला एक मानकरी होता आणि अंगठीच्या डबीला दुसरा. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, त्यामुळे मला अंगठी डबीशिवाय मिळाली आणि डबी अंगठीशिवाय.

मी रसायनशास्त्र शिकले आहे, आणि ही सगळी व्यवस्था मला पदार्थाच्या अविनाशित्वासारखी वाटते. हिच्यात फुकट काहीच मिळत नाही, फक्त रूप बदलतं. मानकरी वस्तू देतो. बदल्यात त्याचं नाव कर्ण्यावरून पुकारलं जातं, बँड सलामीची धून वाजवतो, त्याच्या खांद्यावरून रेशमी पट्टा चढतो आणि त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. शिवाय कुठेही न लिहिलेली एक अट असते: ती वस्तू झिजेपर्यंत, फुटेपर्यंत किंवा हरवेपर्यंत त्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही. मला हे नियम जन्मापासून माहीत होते. तरीही नाटक करायला घेतलं, यावरून शिक्षणाचा उपयोग काय असतो ते दिसतं.

आमच्या सांता रीता तंत्रसंस्थेच्या वर्धापनदिनाला प्रत्येक वर्गाने काहीतरी सादर करायचं असतं. धातुशास्त्राचे लोक दरवर्षी नाचतात. यंत्रशाखेचे लोक दरवर्षी त्यांच्यापेक्षा जास्त आवाज करत नाचतात. रसायनाच्या वर्गाला नाचता येत नाही यावर संस्थेत पूर्ण एकमत होतं, म्हणून कुणीतरी म्हणालं, आपण अभिजात नाटक करू या. ते कुणीतरी म्हणजे मीच.

नाटक होतं ‘तोर्रेसेकाची विधवा’. चारशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका रागीट साधूने ते लिहिलं. आमच्याकडे शाळेत ते सगळ्यांना अभ्यासाला असतं, त्यामुळे कुणीच वाचलेलं नसतं. एका कोरड्या गावात जमीनदाराचा कातडी कमावण्याचा कारखाना असतो. त्याच्या घाणीने गावची विहीर नासते, माणसं मरतात. एक विधवा त्या विहिरीचं पाणी घागरीत भरून कोर्टात नेते, जमीनदाराने नेमलेल्या न्यायाधीशापुढे दोन पानी भाषण करते आणि शेवटी घागर पुढे करून म्हणते, “साहेब, प्या.” न्यायाधीश पीत नाही. पडदा.

हे नाटक आपल्याकडे आणून बसवायचं अशी माझी कल्पना होती. त्यासाठी फार डोकं चालवावं लागत नव्हतं. शहराच्या वरच्या अंगाला दगड दळून त्यातला धातू वेगळा करणारी एक गिरणी आहे. धातू ती ठेवून घेते आणि उरलेलं नदीला देते. नदी ते सगळं इमानदारीने माझ्या आजोळी, चुल्यापाता गावात पोचवते. तिथे मेंढ्यांचे दात अकाली पडतात. मग त्या भरल्या गवतासमोर उभ्या राहून उपाशी मरतात. माझा प्रबंध याच पाण्यावर होता. माझे सिप्रियानो मामा गुडघाभर गाळात उभे राहून माझ्या बाटल्या भरत होते. प्रबंधात शिसं होतं, आर्सेनिक होतं, आलेख होते, सगळं होतं. विभागाने तो ‘विचाराधीन’ ठेवला. विचार कोण करतंय, हे मात्र कळत नव्हतं.

मामा प्रत्येक वेळी भेटले की विचारायचे, “पोरी, त्या बाटल्या काही बोलल्या का?”

त्या बोलत नव्हत्या, म्हणून मी बोलायचं ठरवलं. विधवेची भूमिका मी करणार होते. त्या दोन पानांत कारखान्याच्या जागी गिरणी येणार होती, विहिरीच्या जागी नदी, आणि नवऱ्याच्या आजाराच्या जागी माझे आलेख, अर्थात पद्यात. प्रबंध विचाराधीन ठेवता येतो, रंगमंचावर उभी राहिलेली बाई ठेवता येत नाही, असं माझं गृहीतक होतं. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, “ट्रक भरून येतो.” मामा असं बोलले म्हणजे ट्रक येणार, आणि भरून येणार.

आता नाटकाला वस्तू लागतात. वस्तूंना मानकरी लागतात. आमचा वर्गप्रमुख ग्रोव्हर याला या कामाची फार हौस. तो न्यायाधीशाचीही भूमिका करत होता, कारण त्याच्याकडे स्वतःचा कोट होता.

पहिली मानकरीण माझ्याच घरात सापडली. मी डोन्या हेर्मिनियांच्या, म्हणजे हेर्मिनियाबाईंच्या, वरच्या खोलीत भाड्याने राहते. त्या कार्निव्हलच्या एका नाचमंडळाच्या आजीव सभासद आहेत, आणि त्यांच्या कपाटातले परकर एकावर एक रचले तर खिडकीतून ऊन यायचं बंद होईल. त्यांनी विधवेचे कपडे द्यायचं लगेच कबूल केलं आणि जरीची शाल, मखमली परकर आणि मोत्यांची टोपी काढून पलंगावर ठेवली.

“डोन्या हेर्मिनिया, ती गरीब विधवा आहे,” मी म्हटलं.

“असेल. पण माझं नाव पुकारणार आहेत.”

“तिच्या घरात खायला नाही.”

“म्हणूनच तर अंगावर चांगलं हवं. घरात काय आहे ते कुणाला दिसतंय?” त्यांनी परकर माझ्या कमरेला लावून पाहिला. “आणि काय गं, ही एकटीच जाते कोर्टात? बरोबर दीर नाही, भाऊ नाही? लोक काय म्हणतील?”

“लोक मेलेत, डोन्या हेर्मिनिया. पाण्याने.”

“सगळे थोडेच मेले असतील,” त्या म्हणाल्या. “बोलायला दोन-चार राहतातच.”

मग सभागृह. संस्थेचं सभागृह संस्थेच्याच विद्यार्थ्यांना मिळवायचं तर संस्थेच्याच कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“लेखकाची संमती कुठाय?”

“लेखक वारलेत.”

“अरेरे. कधी?”

“चारशे वर्षं झाली.”

“मग वारसांची आणा.”

“ते मठातले साधू होते. त्यांना मुलंबाळं नव्हती.”

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. “हे तुम्ही खात्रीने सांगू शकता?”

विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला खात्रीने सांगता येत नव्हतं. पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा नसतो, हे मी तिथे बोलायला नको होतं. अर्ज पुढच्या खिडकीवर गेला, तिथून त्याच खिडकीवर परत आला, आणि शेवटी ग्रोव्हरने एकाच भेटीत काम केलं. त्याने आमचे विभागप्रमुख, इंजिनियर ताबोर्गा सर, यांना सभागृहाचे आणि पडद्याचे मानकरी करून टाकलं. कारकून लगेच उठून उभा राहिला. साधूच्या मुलाबाळांची चौकशी तिथेच संपली.

ताबोर्गा सर म्हणजे माझा प्रबंध ज्यांच्या टेबलावर विचाराधीन होता तेच. त्यांनी संहिता मागवून घेतली. “सहज, पडद्याच्या दृष्टीने,” म्हणाले. संहिता परत आली तेव्हा तिच्यावर लाल पेन्सिल फिरली होती. न्यायाधीश आता भ्रष्ट नव्हता, फक्त थकलेला होता, कारण सरांचे वडील न्यायाधीश होते. मी ते सोसलं. थकलेल्या माणसालाही पाणी पुढे करता येतं.

निवेदक म्हणून रेनान आला. तो स्थानिक रेडिओवर रोज सकाळी निधनवार्ता वाचतो, त्यामुळे त्याने कुणाचंही नाव पुकारलं की ऐकणारा क्षणभर टोपी काढायच्या बेतात येतो. रेनानची एकच अट होती: वस्तू रंगमंचावर दिसली की त्याच क्षणी तिचा मानकरी पुकारायचा. मागच्या वर्षी एका गालिच्याचा मानकरी आधीच पुकारून टाकला होता. गालिचा आला तेव्हा तो कुणाचा हे लोकांच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि मानकऱ्याने चालू प्रयोगात येऊन गालिचा गुंडाळून घरी नेला होता. त्यावर उभी असलेली नाटकातली सम्राज्ञी कशीबशी बाजूला झाली.

“पण मध्येच पुकारलं तर नाटक तुटेल,” मी म्हटलं.

“ताई,” रेनान त्या निधनवार्तेच्या आवाजात म्हणाला, “नाटक जोडता येतं. मानकरी तुटला की तुटला.”

इथपर्यंत माझं भाषण शाबूत होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. परकर मखमली, न्यायाधीश थकलेला, मध्ये मध्ये बँड. पण दोन्ही पानं जागच्या जागी होती. मी ती अंघोळ करताना म्हणत होते, प्रयोगशाळेत म्हणत होते, भाजीवाल्या बाईसमोर एकदा चुकून म्हटली तेव्हा तिने मला दोन बटाटे जास्त दिले.

मग तालमीत घागर फुटली. मातीची होती, माझ्या हातून सुटली. ग्रोव्हर म्हणाला, “सोड, मी बघतो,” आणि दुसऱ्या दिवशी तांब्याची घागर घेऊन आला. लखलखीत, नवी कोरी. तिच्या पोटावर गोल अक्षरांत काहीतरी कोरलेलं होतं. मी वाचलं. ते त्या गिरणीचं नाव होतं.

“ग्रोव्हर, ही कुणी दिली?”

“डॉन एव्हेरार्दो सामोरानो. स्वतः मालकांनी! मी दारात जातो न जातो तोच आत बोलावलं, समोर मक्याचं गरम आपी ठेवलं, तळलेलं पास्तेल ठेवलं...”

“तू त्यांना सांगितलंस, नाटक कशावर आहे ते?”

“सांगितलं की. अभिजात आहे म्हटलं.”

“त्यांच्या गिरणीवर आहे हे सांगितलंस?”

“लिसे,” ग्रोव्हरचा चेहरा खरोखर दुखावला, “एखाद्याच्या घरी जायचं, त्याचं आपी प्यायचं, आणि म्हणायचं, मालक, तुमच्याच डोक्यात घालायला एक घागर द्या? माणसाला काही रीत असते.”

“मग परत करून ये.”

सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहू लागला. मानकऱ्याची वस्तू परत करणं म्हणजे अंत्ययात्रेतून शवपेटी परत पाठवण्यासारखं आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “त्यांनीच आपल्या दहा जणांना गिरणीत उमेदवारी द्यायचं कबूल केलंय.” हे मला नवीन होतं. त्या दहा जणांत मी नव्हते, हे मला नवीन नव्हतं.

वर्गात मतदान झालं. विज्ञानाच्या वर्गात मतदानाने सत्य ठरवू नये असं मी म्हणाले. या प्रस्तावावरही मतदान झालं आणि मी हरले.

त्यानंतर माझं भाषण ज्या गतीने कमी झालं, तिचा आलेख काढायला मला आवडलं असतं. गिरणीचा पुन्हा कातडीचा कारखाना झाला. मग ताबोर्गा सरांना आठवलं की डॉन एव्हेरार्दोंच्या सासऱ्यांचा कातड्याचा धंदा होता. कारखाना गेला. आता माझी विधवा कोर्टात येऊन सांगत होती की गावचं पाणी ‘काही कारणाने’ बिघडलं आहे. परीक्षेच्या उत्तरात मी ‘काही कारणाने’ लिहिलं असतं, तर याच सरांनी मला नापास केलं असतं.

“आणि नवरा कशाने मेला?” परकराची लांबी बघायला तालमीला आलेल्या डोन्या हेर्मिनियांनी विचारलं.

“काही कारणाने,” मी म्हटलं.

“छे गं! असं म्हटलं की लोक भलतंसलतं समजतात. दारूने मेला म्हण. दारूने मेलेल्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही.”

सरांनी मान डोलावली. नवरा दारूने मेला. त्याबरोबर उरलेलं पाऊण पान निरर्थक झालं, कारण दारूने मेलेल्या माणसाच्या बायकोने पाण्याची तक्रार का करावी, हे कुणाला पटेना. ते पाऊण पानही गेलं. सरांची पेन्सिल शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली.

“‘साहेब, प्या.’ हे राहू दे,” ते म्हणाले. “हे मलाही पाठ आहे. अभिजात आहे.”

घरी येऊन मी खोलीचं दार लावून खूप रडले. खालून डोन्या हेर्मिनिया ओरडल्या, “रडायचं असेल तर शाल काढून रड! मिठाचे डाग जात नाहीत!” रासायनिकदृष्ट्या ते साफ चूक होतं. मीठ पाण्यात विरघळतं, धुतलं की जातं. पण शाल काढता काढता माझं रडू थांबलं आणि मी विचार करू लागले.

दोन शब्द उरले होते. पण त्या साधूने सगळं नाटक त्या दोन शब्दांसाठीच तर लिहिलं होतं. आलेख नसले तरी चालेल, पद्य नसलं तरी चालेल. घागरीत खरं पाणी असलं की पुरे. मी मामांना फोन केला.

“मामा, येताना कॅनमध्ये नदीचं पाणी आणा.”

“प्यायला?” मामा दचकले.

“नाटकाला.”

“मग ठीक.”

प्रयोग दुपारी होता. मामांचा ट्रक सकाळीच येऊन उभा राहिला, सगळे अंगावर ठेवणीतले कपडे घालून. पुढच्या रांगा मानकऱ्यांच्या होत्या, मधल्या त्यांच्या नातेवाइकांच्या, म्हणून चुल्यापाताचं गाव शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभं राहिलं. मामांनी मला कॅन दिला. “सकाळी भरलंय, ताजं आहे,” असं त्यांनी सांगितलं, दुधाबद्दल सांगावं तसं.

प्रयोग कसा झाला हे मी शक्य तितक्या अलिप्तपणे सांगते. पडदा उघडला. “पडद्याचे मानकरी, इंजिनियर ताबोर्गा!” रेनान म्हणाला. सलामी वाजली. बँड पितळी वाद्यांचा होता, आणि खाणीतल्या माणसांची फुप्फुसं जेवढी उरली असतील तेवढी सगळी त्याच्यात होती. मी रंगमंचावर पाऊल टाकलं. “विधवेच्या वस्त्रांच्या मानकरीण, डोन्या हेर्मिनिया!” सलामी. डोन्या हेर्मिनिया वर आल्या, पट्टा घेतला, लोकांकडे बघून हात हलवला आणि जाता जाता माझी शाल सरळ केली. लोकांनी जरीला टाळ्या दिल्या. न्यायाधीशाच्या खुर्चीला मानकरी होता. हातोड्याला होता. हातोडा आपटायच्या ठोकळ्याला वेगळा होता. पाण्याने मरणाऱ्या गावाचं दुःख दाखवणारा पहिला अंक हा अशा तऱ्हेने शहरातला वर्षाचा सर्वांत आनंदी कार्यक्रम ठरत होता.

मग मी घागर घेऊन आले. तांबं दिव्यांत असं चमकलं की लोकांनी “आहा” केलं.

“आणि ही देखणी घागर!” रेनान गहिवरला. “मानकरी, डॉन एव्हेरार्दो सामोरानो! त्यांनी कृपया रंगमंचावर यावं!”

ते आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, हातात टोपी, सभ्य गृहस्थ. घागर माझ्या भूमिकेची असल्यामुळे पट्टा मीच घालायचा होता. मी घागर खाली ठेवली, त्यांच्या खांद्यावरून पट्टा घातला, सुरकुती काढली. सलामी वाजली. आता त्यांनी खाली जायचं होतं. पण ग्रोव्हर, म्हणजे न्यायाधीश, डॉन एव्हेरार्दो उभे आहेत आणि आपण बसलो आहोत हे पाहून न्यायासनावरून उठला आणि “बसा ना, मालक,” असं म्हणून त्याने त्यांना आपली खुर्ची दिली. नंतर मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “अगं, बघवेना.”

डॉन एव्हेरार्दो न्यायासनावर बसले.

चारशे वर्षांत कुठल्या दिग्दर्शकाला हे सुचलं नसेल. माझ्यासमोर, पट्टा घालून, दिव्यांखाली, गिरणीचा मालक न्यायाधीशाच्या जागी बसला होता, आणि माझ्या पायाशी त्याच्याच घागरीत त्याच्याच गिरणीचं पाणी होतं. बँड दम घेत होता. शेवटच्या रांगेमागे मामा कशावर तरी चढून उभे होते, त्यांची टोपी मला दिसत होती. मी घागर उचलली, त्यांच्या छातीपर्यंत नेली आणि म्हटलं,

“साहेब, प्या.”

सगळं सभागृह पुढे झुकलं. ही ओळ सगळ्यांनाच पाठ होती.

डॉन एव्हेरार्दोंनी घागर हातात घेतली आणि आत पाहिलं. पाणी पिवळट होतं, तांब्यामुळे आणखी पिवळं दिसत होतं, वर धातूसारखी पातळ साय होती आणि भिजलेल्या खिळ्यांचा वास येत होता. ते स्वतः खाण-अभियंते. त्यांच्या नाकपुड्या किंचित आकसल्या. मी हातभर अंतरावर होते. हे निरीक्षण मी कुठल्याही परीक्षकापुढे शपथेवर सांगेन. त्यांनी पाणी ओळखलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मलाही ओळखलं. प्रबंधाचा विचार कोण करत होतं, ते मला तेव्हा कळलं.

ते सावकाश उठले. टोपी काढून छातीशी धरली.

“आधी आईला,” ते म्हणाले, आणि घागर तिरकी केली.

आता आमच्याकडे पेय कुठलंही असो, पहिला घोट जमिनीला द्यायचा, पाचामामाला, म्हणजे धरणीआईला, हे तान्ह्या मुलालाही माहीत असतं. चार थेंब सांडायचे, उरलेलं आपण प्यायचं. त्यांनी चार थेंब सांडले. पाचवाही सांडला. हात सरळ झालाच नाही. पाण्याची अखंड पिवळी धार न्यायासनासमोर पडत राहिली. पहिल्या रांगेतल्या पुरुषांनी टोप्या काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. लोक उठून उभे राहिले. पहिल्या रांगेतून डोन्या हेर्मिनिया खणखणीत आवाजात ओरडल्या, “अगं परकर उचल! परकर!” आणि मी, तोर्रेसेकाची विधवा, दोन्ही हातांनी परकर उचलून उभी राहिले.

घागर रिकामी झाली. डॉन एव्हेरार्दोंनी ती उलटी करून लोकांना दाखवली.

“स्वतः एक थेंबही न घेता,” रेनानने कर्णा दोन्ही हातांनी धरला, “सगळीच्या सगळी घागर धरणीमातेला अर्पण करणारे आपले मानकरी!”

बँडने सलामी वाजवली, मग पुन्हा वाजवली. बायका डोळे पुसत होत्या. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली उतरलं. धरणीने ते नेहमीप्रमाणे घेतलं. ती कधी नाही म्हणत नाही. पडदा.

मागच्या अंगणात आपी आणि पास्तेल होतं. मी परकर धरूनच मामांना शोधत गेले. ते भिंतीशी उभे होते, हातात पेला.

“पाहिलंत ना, मामा?” मला धाप लागली होती. “ते प्यायले नाहीत!”

“पाहिलं की.”

“सगळ्यांसमोर! सगळ्या शहरासमोर प्यायले नाहीत!”

“मग काय, पोरी, आम्ही तरी कुठे पितो ते?” मामा म्हणाले. “नुसत्या वासावरून ओळखलं. जाणता माणूस आहे.”

“पण लोकांना कळलं का काही?”

“लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. तू छान म्हणालीस ते दोन शब्द.” त्यांनी पेला संपवला, तळाचा गाळ जमिनीला दिला, आणि टोपी हातात घेऊन फिरवू लागले. मामांना काही मागायचं असलं की टोपी फिरते. “एक काम होतं. वाऱ्याने आमच्या शाळेचं छप्पर गेलंय. पत्र्यांना मानकरी हवाय. म्हटलं, यांनाच विचारावं.”

“यांना?”

“दुसरं कोण आहे? नदी थांबवा म्हटलं तर थांबवणार नाहीत. पत्रे मागितले तर देतील.”

“मामा, मग नदीबद्दल एक अक्षर बोलता यायचं नाही. पत्रे गंजेपर्यंत.”

“आपल्याकडे लवकर गंजतात,” मामा म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. “माझं स्पॅनिश तुटकं आहे पोरी, माणसं हसतात. तू बोल. तुला सवय झालीय.”

गाव मामांच्या मागे येऊन उभं राहिलं होतं. बायकांच्या पाठीवर लेकरं होती. मी कुणाकडेही न बघता अंगण ओलांडून गेले. डॉन एव्हेरार्दो ताबोर्गा सरांशी बोलत होते. ते माझ्याकडे वळले आणि मी बोलायला सुरुवात केली. गावाचं नाव सांगितलं, नदी कुठून येते ते गाळलं, शाळा सांगितली, वारा सांगितला, थंडीत बाकांवर अंग चोरून बसणारी मुलं सांगितली. एकही शब्द अडखळला नाही. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा लागला होता. बँड वाजला नाही, रेनान आला नाही, लाल पेन्सिल फिरली नाही. कुणी मला मध्ये थांबवलं नाही.

डॉन एव्हेरार्दोंनी मान खाली घालून सगळं शेवटपर्यंत ऐकलं. हो म्हणाले. मामांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग माझ्याकडे वळून मनापासून म्हणाले,

“मुली, तुझा आवाज फार चांगला आहे. नाटकात तुला बोलायला अगदीच कमी दिलं होतं.”